जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कवर घ्यायच्या तर कोणतं यंत्र घ्यावं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनं रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेटी बनवणं बंद केलं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानची फुनाई इलेक्ट्रिक दिवाळखोरीत गेली. फुनाई हे नाव पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना नक्की आठवेल. गणपतीच्या मांडवात भाड्यानं आणलेल्या व्हीसीपीवर, म्हणजे फक्त कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर, ते असायचं. जगात व्हीसीआर, म्हणजे कॅसेट वाजवणारी आणि रेकॉर्डही करणारी यंत्रं, बनवणारी ती शेवटची कंपनी, आणि तिनंही ते काम जुलै २०१६ मध्येच थांबवलं होतं. अशी बातमी आली की सांगली-मिरजेत एक प्रश्न पुन्हा विचारला जातो: घरात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेटी पडून आहेत, त्या डीव्हीडीवर घ्यायला कोणता रेकॉर्डर चांगला?

माझं उत्तर सरळ आहे. डिस्कवर लिहिणं हा या कामातला सोपा भाग आहे. चित्र चांगलं येणार की खराब, ते कॅसेट वाचणारं यंत्र ठरवतं. त्यामुळे लक्ष आणि पैसे आधी व्हीसीआरवर घालवा. असं का, ते समजायला कॅसेटच्या आत डोकवावं लागेल.

कॅसेटमध्ये असतं काय?

आपल्या घरातली बहुतेक मोठी कॅसेट व्हीएचएस जातीची असते. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली ती बाजारात आणली. कॅसेटच्या कडेला एक छोटं बटण असतं. ते दाबून पुढची झडप वर उचला, आत अर्धा इंच रुंदीची काळपट तपकिरी पट्टी दिसेल. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ही पट्टी अडीचशे मीटरच्या आसपास असते. मूळ पट्टी पॉलिस्टरची. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक चुंबकीय कण एका चिकट लेपात घट्ट बसवलेले असतात. चित्र म्हणजे त्या कणांची मांडणी.

पट्टी पुढे सरकते ती अगदी सावकाश, सेकंदाला सुमारे २.३ सेंटिमीटर. एवढ्या वेगात चित्राची माहिती मावत नाही. म्हणून व्हीसीआरमध्ये एक चकचकीत, जरा कललेला ड्रम असतो, व्यास ६२ मिलिमीटर. आपल्याकडच्या पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो. त्याच्या कडेला बसवलेली चिमुकली टोकं, म्हणजे हेड, पट्टीवर तिरप्या रेषा वाचत जातात. एका फेरीत एक पूर्ण चित्र, सेकंदाला पंचवीस. प्रत्येक तिरपी रेषा मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी रुंद असते, आणि हेडनं तिच्यावरून नेमकं जायचं असतं. पट्टी केसभर जरी वरखाली झाली तरी पडद्यावर पांढऱ्या रेघोट्या येतात. त्या घालवायला आपण जे बटण फिरवायचो ते ट्रॅकिंगचं.

साधा आवाज पट्टीच्या वरच्या काठावर असतो. खालच्या काठावर वेग सांभाळणाऱ्या खुणा असतात. काठ चुरगळला की आवाज जातो किंवा चित्र उड्या मारतं, मधला भाग कितीही शाबूत असला तरी. झडप उचलून बघताना नजर काठांवर ठेवायची ती यासाठी.

इतकी वर्षं राहिली, आणखी दहा वर्षं राहतील की?

राहतीलही, पण वाचता येतील का, ही शंका आहे. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमानं ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर जगभर इशारा दिला होता. चुंबकीय टेप वाचणारी चालू यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं २०२५ च्या सुमाराला मिळेनाशी होतील, असा त्याचा आशय होता. ते वर्ष येऊन गेलं. आपल्या शहरातही व्हीसीआर उघडून हेड साफ करणारे, बेल्ट बदलणारे मेकॅनिक आता साठी-सत्तरीत आहेत. नवी पोरं मोबाइल दुरुस्त करतात.

दुसरं कारण हवा. कण धरून ठेवणारा तो लेप ओल शोषतो आणि वर्षानुवर्षं ओल लागली की चिकट होऊन सुटायला लागतो. पाटण, कोयना, महाबळेश्वर पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा बुरसटतात, तिथं कॅसेटीला बुरशी लागली तर नवल नाही. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत बुरशीची भीती कमी, पण धूळ आत जाते आणि हेडखाली येऊन पट्टीला ओरखडे पाडते. आणि कृष्णाकाठच्या लोकांना पुराबद्दल मी वेगळं काय सांगू? २००५, २०१९, २०२१. हरभट रोड, मारुती चौक, भिलवडी, औदुंबर इथल्या घरांत टीव्हीखालच्या कप्प्यातल्या कॅसेटी पाण्यात गेल्या. कपडे, भांडी पुन्हा आली. त्या कॅसेटींमधली आजी पुन्हा आली नाही.

बाजारात मिळतं काय?

यातलं नवं कोरं जवळपास काहीच मिळत नाही, हे आधी मान्य करू. जे आहे ते वापरलेलं: नातेवाइकांच्या माळ्यावरचं, जुन्या बाजारातलं किंवा ऑनलाइन विकलं जाणारं. त्यात तीन वाटा आहेत.

पहिली वाट कॉम्बोची. एकाच डब्यात एका बाजूला व्हीएचएस कॅसेटची खाच, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी लिहिणारा ट्रे. कॅसेट घाला, कोरी डिस्क घाला, डबिंगचं, म्हणजे कॅसेटवरून डिस्कवर उतरवण्याचं, बटण दाबा, झालं. संगणक लागत नाही, वायरी लागत नाहीत. पाच-सात कॅसेटी असतील, त्या सुस्थितीत असतील आणि घरात संगणकाला हात लावणारं कुणी नसेल, तर ही वाट वाईट नाही. पण घेताना तपासा की डिस्क लिहिली जाते की नुसती वाजते. बाहेरून हुबेहूब दिसणारे, फक्त वाजवणारे कॉम्बो ढिगानं आहेत. शिवाय हे डबे व्हीसीआरच्या उतरत्या काळातले, त्यामुळे आतली यंत्रणा बऱ्याचदा हलकी असते. एक बाजू बिघडली की दुसरीही अडून बसते.

दुसरी वाट म्हणजे स्वतंत्र व्हीसीआर आणि त्याला जोडलेला स्वतंत्र डीव्हीडी रेकॉर्डर. डबिंगसाठी मला ही जोडी कॉम्बोपेक्षा कितीतरी बरी वाटते, कारण व्हीसीआर आपल्या पसंतीनं निवडता येतो आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो. रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्क असेल तर सोन्याहून पिवळं. आधी सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचं, मधला कोरा भाग, खरखर कापायची आणि मग डिस्क लिहायची. एका चुकीपायी डिस्क वाया जात नाही.

तिसरी वाट म्हणजे व्हीसीआर आणि संगणक. मध्ये कॅप्चर कार्ड लागतं, म्हणजे व्हीसीआरच्या पिनांतून येणारं चित्र संगणकाला समजेल अशा फाइलमध्ये बदलणारी छोटी यूएसबी डबी. पंचवीस-तीस कॅसेटी असतील, पुढं त्यातून निवडक प्रसंग वेगळे काढायचे असतील, परगावच्या भावंडांना पाठवायचे असतील, तर हीच वाट घ्या. डीव्हीडी हवीच असेल तर फाइलवरून कधीही करता येते.

अमेरिकेतल्या भाच्यानं रेकॉर्डर पाठवला तर?

नम्रपणे नको म्हणा. दोन अडचणी आहेत. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३० व्होल्ट. फक्त तिकडच्या विजेसाठी बनवलेलं यंत्र ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं की जळतं. वीज सांभाळली तरी दुसरी अडचण उरते. आपल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, ६२५ ओळींच्या आणि सेकंदाला २५ चित्रांच्या. अमेरिकेत एनटीएससी पद्धत, ५२५ ओळी आणि जवळपास ३० चित्रं. तिकडच्या बाजारासाठी बनलेले बहुतेक व्हीसीआर आपल्या कॅसेटी वाचत नाहीत आणि रेकॉर्डर आपलं चित्र नोंदवत नाहीत.

उलटी अडचणही येते. भाच्याच्या बाळाची कॅसेट एनटीएससीमध्ये आलेली असते. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ते दाखवताना मात्र एक मिश्र सिग्नल तयार करतात. टीव्हीला तो चालतो, कॅप्चर कार्ड किंवा रेकॉर्डर गोंधळतो आणि चित्र काळं-पांढरं किंवा फाटकं येतं. अशी कॅसेट खरा एनटीएससी सिग्नल बाहेर काढणाऱ्या व्हीसीआरवरच उतरवावी.

मग व्हीसीआर कोणता?

कंपनीच्या नावापेक्षा त्या विशिष्ट यंत्राची आजची तब्येत महत्त्वाची. नामांकित कंपनीचा पण पंधरा वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेला डेक, म्हणजे व्हीसीआर, हा साध्या पण नुकत्याच सर्व्हिस केलेल्या डेकपुढं टिकत नाही. वाचायच्या कामाला व्हीसीपीही, म्हणजे फक्त वाजवणारं यंत्रही, चालतं. त्याचा एक फायदा असा की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाण्याची भीतीच नाही.

कोणतीही कॅसेट कोणत्याही व्हीसीआरमध्ये घालण्यापूर्वी तिच्या पाठीच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडलेली आहे ना, ते बघा. ती मोडली की त्या कॅसेटीवर नवं रेकॉर्डिंग होत नाही. मोडलेली नसेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मोडा. दहा सेकंदांचं काम आहे आणि त्यानं लग्नावर मालिका रेकॉर्ड होण्याचा धोका कायमचा जातो.

यंत्र बघायला जाताना घरची कॅसेट नेऊ नका. गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी एखादी न्या. ती पाच मिनिटं चालवा, थांबवा, पुढं पळवा, मागं घ्या, बाहेर काढा. बाहेर आल्यावर झडप उचलून पट्टी बघा. काठ दुमडला असेल, उभी चुणी पडली असेल, तर ते यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. आत पट्टी ओढणारा काळा रबरी रोलर कडक होऊन चमकायला लागला की असं होतं.

विक्रेता दोन हेड, चार हेड, सहा हेड असं सांगेल. साध्या वेगात घेतलेली कॅसेट दोन हेडचं यंत्रही चांगली वाचतं. जास्तीच्या हेडचा उपयोग मुख्यतः दुप्पट वेळ मावावा म्हणून निम्म्या वेगात घेतलेल्या कॅसेटींना आणि चित्र थांबवून बघायला. सहा हेडमध्ये दोन आवाजाची असतात, त्याला हाय-फाय म्हणतात. मूळ रेकॉर्डिंग हाय-फाय असेल तरच त्याचा फायदा. नाटकाचा प्रयोग किंवा मिरजेतली गाण्याची बैठक कुणी चांगल्या यंत्रावर टिपलेली असेल, तर हाय-फाय डेक जरूर शोधा. तिथं आवाज हाच ऐवज आहे.

मागच्या बाजूला पिवळी, लाल, पांढरी अशा पिनांची सोय बऱ्याच यंत्रांना असते. काही यंत्रांना एस-व्हिडिओ नावाची गोल, चार टोकांची पिन असते. तिच्यातून रंग आणि उजेड वेगळे जातात आणि रंगांच्या कडा स्वच्छ येतात. मिळाली तर घ्या, पण केवळ तिच्यासाठी अडून राहू नका.

हेड साफ करायचं तर कापसाच्या काड्या वापरू नका, त्याचे तंतू हेडच्या टोकात अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा पांढरा कागद ड्रमला हलकेच टेकवून धरायचा आणि ड्रम हातानं फिरवायचा. कागद वरखाली घासायचा नाही, नाहीतर हेड तुटतं. अर्थात आधी प्लग काढा. हात थरथरत असेल तर मेकॅनिककडं द्या, लाजायचं कारण नाही.

चित्र वाकडं, थरथरतं का येतं?

बहुतेक लोकांना ठाऊक नसलेली, पण सगळ्यात फरक पाडणारी गोष्ट इथं आहे. लग्नाची कॅसेट लावा आणि माणसं सोडून मांडवाचा उभा खांब बघा. तो सरळ दिसतो का? जुन्या कॅसेटीत तो बारीक लाटेसारखा हलतो, वरच्या टोकाला कधी एका बाजूला झुकतो. खांब वाकडा नव्हता. पट्टी वर्षानुवर्षं थोडी ताणली-आकसली गेली, यंत्राचा वेग किंचित कमीजास्त झाला, त्यामुळे चित्राची प्रत्येक आडवी ओळ वेळेच्या जरा आधी किंवा जरा नंतर येते.

शाळेच्या लेझीमची आठवण काढा. साठ मुली, हलगी वाजतेय, पण प्रत्येक रांग पाऊल टाकायला किंचित मागंपुढं करतेय. लांबून बघणाऱ्याला नाच कळतो, पण आकृती फिस्कटते. रांगांच्या पुढं एक शिक्षक उभे राहतात, प्रत्येक रांगेला क्षणभर रोखून धरतात आणि ठेक्यावर सोडतात. सगळ्या रांगा एका रेषेत येतात. व्हिडिओत हे शिक्षकाचं काम करणाऱ्या उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात. तो प्रत्येक ओळ क्षणभर साठवतो आणि ठरल्या वेळेला पुढं सोडतो.

जुन्या टीव्हीला ओळी मागंपुढं झालेल्या चालायच्या, तो सांभाळून घ्यायचा. संगणकाला चालत नाही. सिग्नल तुटला की कॅप्चर कार्ड चित्रं गाळतं, आणि गाळलेल्या चित्रांमुळे तासाभरानं ओठ आणि आवाज यांची फारकत होते. मंगलाष्टकं संपल्यावर अक्षता पडताना दिसतात.

स्वतंत्र करेक्टर महाग आणि दुर्मीळ. काही उंची व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. पण अनेक डीव्हीडी रेकॉर्डरांच्या आत येणारं चित्र सावरणारी अशीच सोय असते. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे रेकॉर्डर यासाठी जगभरच्या हौशी लोकांत प्रसिद्ध आहेत. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरची वायर कॅप्चर कार्डात. डिस्क लिहायचीच नाही, चित्र फक्त त्याच्यातून जाऊ द्यायचं. ज्याचा डिस्कचा ट्रे बिघडलाय असा रेकॉर्डरसुद्धा या कामाला चालतो, म्हणून भंगारात टाकण्यापूर्वी विचार करा. खरेदी करताना मात्र तो नेमका नमुना चित्र सावरतो का, हे लावून, खांब बघूनच ठरवा. सगळे सावरत नाहीत.

एका डिस्कवर सहा तास मावतात म्हणे?

मावतात, पण भरू नका. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी अशी अक्षरं दिसतील. एक्सपीत एक तास, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा किंवा त्याहून जास्त. डिस्क तेवढीच, त्यामुळे वेळ वाढला की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारी जागा कमी. जुन्या कॅसेटीत बारीक खरखर खूप असते, ती जागा खाते, आणि एलपी-ईपीत चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. वर चित्राची रुंदीतली बारकाईही बऱ्याच यंत्रांत निम्मी केली जाते.

एसपीच्या पलीकडं जाऊ नका, ही माझी ठाम सूचना. तीन तासांची कॅसेट असेल तर दोन डिस्क करा. कोरी डिस्क काही रुपयांत मिळते. मध्ये थांबायला जागा लग्नात भरपूर असतात, जेवणाची पंगत आली की डिस्क बदला.

डिस्क भरल्यावर रेकॉर्डरमध्ये ‘फायनलाइज’ नावाची क्रिया करावी लागते. ती केल्याशिवाय डिस्क दुसऱ्या प्लेअरवर सहसा वाजत नाही. हे विसरून यंत्र विकून टाकलं की डिस्का हातात राहतात आणि उघडत नाहीत. प्रत्येक डिस्क फायनलाइज करून दुसऱ्या यंत्रावर वाजवून बघितल्यावरच तिच्यावर नाव लिहा.

एचडीएमआयची डबी लावून फोर-के करता येत नाही का?

पिवळी-लाल-पांढरी पिन एका बाजूला आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूला, अशी स्वस्त डबी सगळीकडं मिळते. टीव्हीवर बघायला ठीक आहे, जपून ठेवायची प्रत तिच्यातून घेऊ नका. यातल्या बहुतेक डब्या सेकंदाला २५ चित्रांची ६० करताना मध्येच धक्के देतात आणि चौरसाकडं झुकणारं जुनं चित्र रुंद पडद्यावर ताणतात. सगळी वऱ्हाडी मंडळी जाडजूड दिसू लागतात.

व्हीएचएसवर मुळात आडव्या दिशेनं सुमारे २४० रेषांएवढीच बारकाई असते. फोर-के फाइल केली म्हणून नसलेला तपशील येत नाही, फक्त फाइल फुगते. पालसाठी ७२० बाय ५७६ हा आकार पुरेसा आहे, कॅप्चर तेवढ्यावरच करा. उद्या चांगली साधनं आली तर याच मूळ फाइलवरून चित्र मोठं करता येईल. आजच ताणून, पॉलिश मारून ठेवलेल्या फाइलला नंतर काही करता येत नाही.

संगणकावर चित्र हलताना कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील. घाबरू नका. जुनं व्हिडिओ चित्र दोन हप्त्यांत काढलं जायचं, आधी विषम ओळी, मग सम. मूळ प्रत तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीत त्या रेघा काढा. कॅप्चरला व्हर्च्युअलडब किंवा ओबीएस स्टुडिओ ही फुकट सॉफ्टवेअर चालतात. कार्ड घेण्याआधी आपल्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, चालतो का, ते विचारा. कित्येक जुनी कार्डं नव्या विंडोजवर ओळखलीच जात नाहीत. एक तास कॅप्चर करून शेवटच्या मिनिटाला टाळी वाजताना आवाज जुळतो का बघा, मग बाकीच्यांना हात घाला.

रेकॉर्डर ‘कॉपी करता येत नाही’ म्हणतो

विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटीत बऱ्याचदा मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप असतं. रेकॉर्डर ते ओळखून थांबतो. सिनेमाचे हक्क दुसऱ्याचे असतात, आणि तो बहुतेक वेळा चांगल्या प्रतीत अन्यत्र मिळतो. त्यात वेळ घालवू नका. घरची लग्नाची कॅसेट असूनही हाच संदेश आला तर ती कुलूपबंद नाही, तिचा सिग्नल इतका ढासळलाय की रेकॉर्डरला ते कुलूप वाटतंय. आधी हेड साफ करा, ट्रॅकिंग फिरवा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. टाइम बेस करेक्टर इथंही उपयोगी पडतो.

भिजलेल्या आणि बुरशी लागलेल्या कॅसेटी

कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीच्या काठावर पांढरट भुकटी, ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. पट्टी फाटण्याची भीती आहेच, शिवाय बुरशीचे कण ड्रमवर राहतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीला लागतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कवच उघडून पट्टी हळूवार पुसणाऱ्या माणसाकडंच द्या. नाक-तोंड झाकून हाताळा, दम्याच्या माणसानं लांब राहावं.

पुराचं पाणी गेलेल्या कॅसेटींचं पहिलं संकट म्हणजे उन्हात वाळवणं. गच्चीवर पसरल्या की कवच वाकतं आणि आतला गाळ पट्टीवर घट्ट बसतो. हेअर ड्रायरही नको. गाळ स्वच्छ थंड पाण्यानं, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन, सावलीत, हवेशीर जागी सुकवणं आणि सुकल्यावर जाणकाराला दाखवणं, एवढंच घरी करावं. पूर येऊन गेलेल्या घरातली कॅसेट वरून कोरडी दिसते म्हणून सरळ लावू नका. आधी झडप उचलून मातीची रेघ बघा.

त्यापेक्षा दुकानातच दिलेलं बरं नाही का?

बऱ्याच घरांसाठी हो. चार कॅसेटींसाठी जुनं यंत्र शोधत फिरण्यात अर्थ नाही. पण काम देताना काही गोष्टी स्पष्ट विचारा. फक्त डिस्क देणार की फाइलही देणार? फाइल मागाच, पेन ड्राइव्हवर. एका डिस्कवर किती तास भरता? दोनपेक्षा जास्त म्हणाले तर सांगा की दोन डिस्क करा, पैसे देतो. चित्र सावरणारं काही वापरता का? कॅसेट परगावी पाठवता की इथंच करता? आणि कॅसेटी परत देणार ना? सगळ्या एकदम देऊ नका. सगळ्यात कमी महत्त्वाची एक द्या, आलेली डिस्क पूर्ण बघा, मग पुढच्या.

एखाद्या लग्नाचं चित्र बाकीच्यांपेक्षा फिकट, रंग पसरलेले आले तर दुकानाला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या: नव्वदच्या दशकात शूटिंगवाले मूळ कॅसेटींवरून मिक्सिंग करून, गुलाबाच्या पाकळ्यांची चौकट आणि सिनेमाची गाणी टाकून दुसरी कॅसेट घरी द्यायचे. आपल्या हातात आहे ती बहुधा नक्कल. तुमचे शूटिंगवाले अजून गावात असतील तर मूळ कॅसेट आहे का, एवढं विचारून बघा. कुणाच्या तरी गोदामात ती निघते.

डिस्क झाली, आता कॅसेट टाकून देऊ?

टाकू नका. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, ओरखडे यांनी तो थर खराब होतो. शिवाय नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाचच नसते. म्हणून डिस्क ही घरात बघायची प्रत समजा, जपणुकीची नव्हे. जपणूक फाइलची करायची, किमान दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. त्यातली एक पूररेषेच्या बाहेर ठेवा, पुण्याच्या बहिणीकडं, विट्याच्या मामांकडं, कुठंही. वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइल उघडतात ना ते बघा.

फाइलचं नाव ‘लग्न१’ असं ठेवू नका. सालासकट, गावासकट, कुणाचं लग्न ते लिहा. उतरवून झाली की घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवून एकदा पूर्ण बघा आणि कितव्या मिनिटाला कोण दिसतंय ते वहीत टिपून घ्या, मग टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पंगतीत वाढणारे ते फेटेवाले कोण, हे सांगू शकणारी घरात एकच व्यक्ती उरलेली असते.

कॅसेटी उभ्या, पुस्तकासारख्या, पूर्ण मागं गुंडाळून, स्पीकरपासून लांब आणि वरच्या मजल्यावर ठेवा. क्रम लावायचा झाला तर सगळ्यात आधी घ्या त्या तीन तासांपेक्षा जास्त मुदतीच्या पातळ पट्टीच्या कॅसेटी, छोट्या कॅमेऱ्यांच्या ८ मिलिमीटर आणि मिनी-डीव्ही कॅसेटी, आणि ज्यात आता नसलेल्या माणसांचा आवाज आहे त्या. छोट्या कॅसेटींना त्याच जातीचा कॅमेरा किंवा प्लेअर लागतो, तोही चालू स्थितीतला. तो आज चालत असेल तर या रविवारीच सुरुवात करा.